सोलापूरच्या उन्हात कॉम्प्युटरला पाणी पाजायचं असेल तर

मार्च संपत आला की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणारे बहुतेक माझ्यासारखेच. शाळा-कॉलेज सोलापुरात, नोकरी पुण्यात किंवा बंगळुरात, आणि २०२० नंतर कधीतरी बॅग उचलून पुन्हा घरी. वरच्या मजल्यावरची एक खोली ऑफिस झालेली, टेबलावर बऱ्यापैकी तगडा डेस्कटॉप, आणि डोक्यावर स्लॅब. प्रश्न असा, "कस्टम वॉटर कूलिंग करायचंय, पहिल्यांदाच. कुठला ब्लॉक घेऊ?"

आता ब्लॉक कुठला, पंप कुठला, नळी कडक की मऊ ह्यावर तासभर बोलायला मला आवडतंच. पण खरं सांगायचं तर प्रश्नाची सुरुवातच चुकीच्या टोकाकडून होते. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो, मग भांडायला मोकळे :)

सोलापुरात कस्टम लूप करायचा तर एकाच कारणासाठी करावा. मशीनची उष्णता खोलीच्या बाहेर नेऊन टाकण्यासाठी. तेवढी तयारी नसेल तर सीपीयूवर एक चांगला मोठा हीटसिंक बसवा, वर दोन पंखे लावा, आणि उरलेले पैसे खोलीवर खर्च करा. केसच्या आत रंगीत पाणी फिरवून ते पुन्हा त्याच खोलीत फुंकायचं, ह्यात सोलापूरकराला फारसं काही मिळत नाही.

का, ते सांगतो.

वॉटर कूलिंग हे नावच जरा फसवं आहे. पाणी तिथे काही गार करत नाही. पाणी हमाल आहे. प्रोसेसरवरची उष्णता उचलायची आणि रेडिएटरपर्यंत पोचवायची, एवढंच त्याचं काम. ते काम मात्र ते फार चोख करतं. एक लिटर पाणी एका अंशानं तापायला जितकी उष्णता लागते, तितक्या उष्णतेत साधारण साडेतीन हजार लिटर हवा एका अंशानं तापते. मिनिटाला एक लिटर पाणी फिरत असेल तर ७० वॅटमागे ते फक्त एक अंश तापतं. सीपीयू आणि ग्राफिक्स कार्ड मिळून ४५० वॅट धरा, पंप मिनिटाला चार लिटर फिरवतोय असं धरा. अख्ख्या लूपमध्ये पाण्याच्या तापमानात फरक पडतो दीड-पावणेदोन अंशांचा. म्हणून 'आधी सीपीयू घेऊ की आधी ग्राफिक्स कार्ड' ह्या वादात वेळ घालवू नका. नळ्या जिथे नीट बसतील तो क्रम बरोबर.

मग उष्णता जाते कुठे? रेडिएटरच्या पंखांतून हवेत. आणि इथे एक नियम आहे ज्याला कोणी लाच देऊ शकत नाही. रेडिएटर पाण्याला भोवतालच्या हवेपेक्षा गार करू शकत नाही. हवेच्या जवळ आणू शकतो, बस. ढोबळ हिशेब असा की १२० मिलिमीटरच्या एका पंख्याएवढा रेडिएटर, पंखे फार न ओरडता, पाणी हवेपेक्षा दहा अंश वर राहिलं तर साधारण १०० वॅट बाहेर टाकतो. ४५० वॅटला असे पाच भाग, म्हणजे एक ३६० आणि एक २४०. व्हिडिओत दिसणारी मंडळी हाच हिशेब करतात. त्यांच्या खोलीत २१ अंश असतात, पाणी ३१ वर स्थिरावतं, आणि ते कॅमेऱ्याकडे बघून हसतात.

आपली खोली? एप्रिल-मे मध्ये बाहेर ४२-४३ हे इथे बातमीसुद्धा होत नाही. वरच्या मजल्यावर, दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली, दुपारी चारला खोलीत ३८ सहज असतात. तोच रेडिएटर, तोच पंप, तेच पाणी, आणि लूप ४८ वर. खर्च तेवढाच, पण व्हिडिओतल्या माणसाचं पाणी जिथे थांबतं त्याच्या १७ अंश पुढे तुमचं. हे १७ अंश कुठलाही ब्लॉक भरून देत नाही. म्हणून योजना आखताना पहिली खरेदी म्हणजे शंभर-दोनशे रुपयांचा थर्मामीटर. तो मे महिन्यात दुपारी चारला टेबलाशेजारी ठेवा आणि आकडा लिहून घ्या. बाकी सगळं डिझाइन त्या आकड्यावर उभं राहतं.

इथे कोणीतरी म्हणणारच, "पण माठातलं पाणी तर हवेपेक्षा गार असतं की!" बरोबर. कारण माठ झिरपतो. बाहेर आलेलं पाणी वाफ होताना उरलेल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. आपल्या घरातला डेझर्ट कूलर तेच करतो. ४२ अंश आणि हवेत जेमतेम २० टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फडक्यानं गुंडाळलेला थर्मामीटर २४ च्या आसपास दाखवतो. म्हणजे बाष्पीभवनाला इथे १८ अंशांची मोकळीक आहे. मुंबईच्या दमट हवेत ती मिळत नाही, म्हणून तिथे कूलर चालत नाही आणि आपल्याकडे घरोघरी दिसतो. पण कॉम्प्युटरचा लूप बंद असतो. त्यातलं पाणी झिरपत नाही, वाफ होत नाही. तो माठ नव्हे, झाकण घट्ट लावलेला स्टीलचा डबा आहे. डबा आजूबाजूच्या हवेपेक्षा गार कसा होणार?

ह्याच गोष्टीचं अवाढव्य रूप बघायचं असेल तर आपल्या होटगीच्या बाजूला, फताटेवाडीला जा. एनटीपीसीचं औष्णिक वीज केंद्र, ६६० मेगावॅटचे दोन संच, पहिला २०१७ मध्ये आणि दुसरा २०१९ मध्ये व्यावसायिकरीत्या सुरू झालेला. कोळशानं वाफ करायची, वाफेनं टर्बाइन फिरवायचं, आणि मग ती वाफ कंडेन्सरमध्ये थंड करून तिचं पुन्हा पाणी करायचं. कंडेन्सर म्हणजे आपला ब्लॉक. मोठाले पंप म्हणजे आपला पंप. आणि रेडिएटरच्या जागी कूलिंग टॉवर. फरक हाच की टॉवर माठासारखा आहे. तिथे पाणी हवेत उघडं पडतं, त्यातलं काही वाफ होऊन निघून जातं आणि ते सतत भरावं लागतं. म्हणून वीज केंद्राला पाणी लागतं, आणि सोलापूरसारख्या जिल्ह्यात उजनीचं पाणी कोणाला किती हा प्रश्न निघाला की वीज केंद्राचंही नाव त्यात येतं.

हे सगळं सांगायचं कारण आहे. दुसरा हमखास येणारा टोमणा असा, "गावाला चार-चार दिवसांनी पाणी, आणि तू कॉम्प्युटरला पाणी पाजतोस?" सोलापूरकरांनी वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड नळाची वाट बघत पिंप भरलेत, त्यामुळे टोमणा लागतो. पण हिशेब करून बघा. लूपमध्ये एकदा भरलेलं लिटर-दोन लिटर पाणी वर्षभर चालतं. त्याउलट, केंद्र सरकारच्या २०१५ च्या अधिसूचनेनं कूलिंग टॉवरवाल्या औष्णिक केंद्रांना एका मेगावॅट-तासामागे साडेतीन घनमीटर पाण्याची मर्यादा घातली. म्हणजे आपल्या मीटरवरच्या एका युनिटमागे साडेतीन लिटर. अर्धा किलोवॅट खाणारं मशीन आठ तास चाललं की चार युनिटं, म्हणजे त्या मर्यादेनं चौदा लिटर पाणी. तेही रोज. कॉम्प्युटर पाणी पितो तो असा, विजेच्या तारेतून. लूपमधलं पाणी त्यापुढे आचमनाएवढं. पाण्याची खरी काळजी असेल तर वॅट कमी करा. त्याचा मुद्दा पुढे येतोच.

ओघात आलंय तर एक मोह आधीच मोडून काढतो. बाष्पीभवनाला १८ अंशांची मोकळीक आहे म्हटल्यावर इंजिनियरच्या डोक्यात लगेच येतं की पीव्हीसीचा पाइप उभा करू, वरून पाणी शिंपडू, खालून पंखा लावू, घरचाच कूलिंग टॉवर! हौशी लोकांनी हे केलेलं आहे आणि आकडे खरंच सुंदर येतात. पण ४५० वॅट घालवायला तासाला साधारण पाऊण लिटर पाणी उडतं. आठ तासांत पाच-साडेपाच लिटर, रोज भरा. बोअरचं भरलंत तर क्षार तिथेच साचत जाणार आणि ब्लॉकच्या बारीक खाचा पांढऱ्या होणार. वर उघडं पाणी म्हणजे शेवाळ आणि डास. घरात डेंग्यूची पैदास करून प्रोसेसर गार ठेवण्यात शहाणपणा नाही. लूप बंदच हवा.

आता मूळ मुद्दा, ज्याबद्दल भाग विकणारा कोणीच बोलत नाही. ४५० वॅट म्हणजे किती? स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतो. म्हणजे तुमचं मशीन जोरात चालतं तेव्हा दहा बाय दहाच्या खोलीत चार-साडेचार अदृश्य पाहुणे येऊन बसतात, आणि ते संध्याकाळपर्यंत उठत नाहीत. हीटसिंक लावा, तयार मिळणारा बंद लूप लावा, की पन्नास हजारांचा कस्टम लूप लावा, पाहुणे तितकेच. प्रोसेसरचा आकडा ९० वरून ७५ वर आला म्हणून खोलीत एक वॅटही कमी पडत नाही. स्क्रीनवरचा आकडा खाली आला की आपण खूश, आणि शेजारच्या खोलीत दुपारी आडवी झालेली आई म्हणते, "आज फारच उकडतंय रे." गार कोण होतंय आणि गरम कोण होतंय, हे एकदा घरभर फिरून बघायला हवं. चिप ९०-९५ अंशांपर्यंत चालायला बनवलेली असते. माणूस नसतो.

मोठे लोक हे केव्हाच ओळखून आहेत. पुण्यात पाषाणला आयसरमध्ये २०१९ साली 'परम ब्रह्म' हा महासंगणक आला, त्यात द्रव थेट प्रोसेसरवरच्या ब्लॉकपर्यंत नेलेला आहे. आपल्या लूपचीच कल्पना. तिथून जवळच, आयआयटीएममध्ये, हवामानाच्या अंदाजासाठी २०१८ मध्ये बसवलेला 'प्रत्यूष', तोही द्रवानं थंड होणारा. पण अशा ठिकाणी द्रव वापरण्याचा मोठा फायदाच हा की उष्णता नळीतून इमारतीबाहेर काढता येते. जर्मनीत म्युनिकजवळच्या 'सुपरएमयूसी' ह्या महासंगणकानं २०१२ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवून दिली. ४० अंशांच्या आसपासचं कोमट पाणीसुद्धा प्रोसेसर गार ठेवायला पुरतं, आणि परत येणाऱ्या गरम पाण्यावर हिवाळ्यात इमारती ऊबदार ठेवता येतात. आपल्याला ऊब नकोय, पण धडा घेण्यासारखा आहे. पाणी बर्फासारखं असायची गरज नाही. ते ४५-४८ अंशांवर असलं तरी चालतं, फक्त त्यातली उष्णता योग्य ठिकाणी गेली पाहिजे.

तेव्हा योजना कशी आखावी? माझ्या मते अशा क्रमानं.

पहिलं काम फुकटचं. वॅट कमी करा. बायोसमध्ये प्रोसेसरची पॉवर लिमिट खाली आणा, ग्राफिक्स कार्डचं व्होल्टेज थोडं उतरवा. बहुतेक मशीन शेवटच्या पाच-सात टक्के वेगासाठी वाट्टेल तितकी वीज खातात. ती हाव सोडली की ४५० चे ३५० व्हायला फार कष्ट पडत नाहीत. एक पाहुणा दारातूनच परत गेला. त्यातच दुसरं फुकटचं काम. मोठे बिल्ड, रेंडर, मॉडेलचं ट्रेनिंग जे काय असेल ते रात्री दोनला लावा. मे महिन्यातसुद्धा पहाटेपर्यंत बाहेरचा पारा २६-२७ ला येतो. दुपारच्या तुलनेत १५ अंश फुकट. एवढ्यावरच निम्म्या लोकांचा प्रश्न सुटेल, आणि ते सुटलेले लोक पुढचं वाचणं सोडून आमरस खायला गेले तरी माझी हरकत नाही.

दुसरं, जागा ठरवा. ब्लॉकची नाही, रेडिएटरची. माझी शिफारस मोठा बाहेरचा रेडिएटर, तीन बाय तीन म्हणजे नऊ पंख्यांचा, 'मो-रा' धर्तीचा. तो खिडकीबाहेर सावलीत, शक्यतो उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या गॅलरीत. भिंतीला स्प्लिट एसीच्या पाइपसाठी मारतात तसं भोक, बाहेरच्या बाजूला किंचित उतार ठेवून, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही. आत-बाहेर जोडायला झटपट सुटणारे कपलर. इतक्या मोठ्या रेडिएटरमुळे पाणी हवेपेक्षा दहाऐवजी पाचेक अंशच वर राहतं. बाहेर ४२, तर पाणी ४७. ग्राफिक्स कार्ड पाण्याच्या १५-२० अंश वर, म्हणजे साठ-पासष्टच्या घरात. सीपीयूची चिप छोटी असल्यामुळे उष्णता तिथेच कोंडते, त्यामुळे ती पाण्यापेक्षा ३५-४० वर. पंच्याऐंशी-सत्त्याऐंशी. फोटोत टाकण्यासारखा आकडा नाही, पण मशीन निवांत चालतं, आवाज बाहेर, आणि मुख्य म्हणजे ते चार पाहुणे गॅलरीत.

पूर्ण चारही नाही, हेही सांगितलं पाहिजे. मेमरी, मदरबोर्ड, पॉवर सप्लाय, मॉनिटर ह्यांचे शंभरेक वॅट खोलीतच राहतात. आणि विजेच्या बिलात फार बचत होईल अशा आशेवर राहू नका. खोलीत एसी असेल तर त्याला हे ३५०-४५० वॅट ओढावे लागत नाहीत, त्याचे तासाला शंभर-दीडशे वॅट वाचतात, एवढंच. लूपचे पैसे त्यातून वसूल व्हायला म्हातारपण येईल. मिळते ती खोली, जिथे दुपारी कामही होतं आणि शेजारी कोणी झोपूही शकतं.

आणि हो, रेडिएटरचं तोंड शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे करू नका. आपले पाहुणे त्यांच्याकडे पाठवायचे असतील तर निदान विचारून पाठवावेत.

तिसरं, धूळ. सोलापूरची धूळ ही वेगळीच चीज आहे. त्यात पूर्व भागात यंत्रमागांच्या आसपास राहत असाल तर चादरी आणि टॉवेलांच्या सुताची बारीक तूस हवेत असतेच. ती रेडिएटरच्या पंखांवर बसली की गोधडी तयार होते, आणि गोधडीचा उपयोग आपल्याला माहीत आहे. म्हणून दाट पंखांचा रेडिएटर घेऊ नका. विरळ पंखांचा घ्या, समोर धुता येणारी जाळी लावा, आणि ती महिन्याला झटका. दाट पंख कागदावर जास्त उष्णता टाकतात, पण ते धूळ नसलेल्या गावात.

चौथं, धातू. ब्लॉक तांब्याचा असतो, तर रेडिएटरही तांबं-पितळेचाच हवा. ऑनलाइन स्वस्तात दिसणारे बरेच रेडिएटर ॲल्युमिनियमचे असतात. एकाच पाण्यात तांबं आणि ॲल्युमिनियम म्हणजे तुम्ही कूलिंग केलं नाहीत, बॅटरी केलीत. ॲल्युमिनियम हळूहळू खाल्लं जातं आणि त्याचा गाळ ब्लॉकमध्ये अडकतो. विकत घेण्याआधी पानावर धातूचं नाव शोधा. नाव नसेल तर ॲल्युमिनियम समजा.

पाचवं, पाणी. नळाचं नाही, बोअरचं तर अजिबात नाही, आरओचंही नाही. आरओ क्षार कमी करतो, संपवत नाही. सीलबंद डिस्टिल्ड वॉटर आणायचं. बॅटरीच्या दुकानात मिळतं, पण कॅनवर काय लिहिलंय ते वाचा, त्याच दुकानात ॲसिडही मिळतं! त्यात गंजरोधक आणि शेवाळरोधक असलेलं कूलंट कंपनीनं सांगितलेल्या प्रमाणात. दुधाळ, रंगीत, चकाकणारी द्रव्यं फोटोपुरती छान. त्यातले कण तळाला बसतात आणि ४७ अंशांवर महिनोन् महिने फिरवल्यावर त्यांचं काय होतं ते मला बघायचं नाही. बिनरंगाचं पाणी घ्या. दिव्यांचा झगमगाट गड्ड्याच्या जत्रेत पुरेसा असतो.

सहावं, नळ्या. कडक पारदर्शक नळ्या दिसायला देखण्या, पण पीईटीजीचा प्लास्टिक साठीच्या पुढे मऊ पडायला लागतो, आणि आपलं पाणी आधीच पन्नाशीच्या आसपास. एखाद्या दुपारी बाहेरचे पंखे बंद पडले तर मार्जिन फारसं नाही. काळी ईपीडीएम रबराची नळी घ्या. दिसायला गाडीच्या होजपाइपसारखी, पण उन्हाळा तिला चांगला माहीत आहे. बरेच पंप उत्पादकसुद्धा पाण्याची मर्यादा ६० अंश सांगतात. म्हणून लूपमध्ये पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर हवाच. पंख्यांचा वेग त्या आकड्यावर ठरवा, आणि पाणी ५५ च्या पुढे गेलं की मशीन आपोआप बंद होईल अशी स्क्रिप्ट लिहा. आपण सॉफ्टवेअरवाले, एवढं तर जमेल.

सातवं, जुळणी. जोडण्यांचे आटे पाव इंची जी मापाचे असतात. हे बीएसपी कुटुंबातलंच माप, त्यामुळे एमआयडीसीतल्या न्यूमॅटिकच्या दुकानात मिळणारी जोडणी बसेल असं वाटतं. पण तिथे बऱ्याचदा निमुळत्या आट्याच्या जोडण्या मिळतात. ॲक्रिलिकच्या ब्लॉकमध्ये ती पाना लावून आवळली की ब्लॉकला तडा. इथे सील आट्यानं होत नाही, ओ-रिंगनं होतं. हातानं घट्ट, वर पाव फेरा. सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायची तोटी आधीच बसवा, आणि टाकीचं झाकण रेडिएटरपेक्षा वर राहील अशी मांडणी करा, नाहीतर झाकण उघडलं की बाहेरचं पाणी आत येऊन टेबलावर. भरण्याआधी हवेचा दाब देऊन अर्धा तास काटा हलत नाही ना बघा. मग पॉवर सप्लाय मदरबोर्डपासून सोडवून फक्त पंप चालवा, जोडणीखाली टिश्यू पेपर ठेवा, आणि एक अख्खा दिवस जाऊ द्या. घाई करायची गरज नाही, शनिवार-रविवार त्यासाठीच असतात.

डेझर्ट कूलरच्या ओल्या हवेनं मशीनमध्ये दव धरेल का, असंही विचारतात. दव गार वस्तूवर धरतं, आणि आपलं मशीन हवेपेक्षा गरमच असतं. तेव्हा ते भय सोडा. फक्त कूलरचा झोत सरळ केसवर येऊ देऊ नका. त्यातून उडणारे तुषार आणि क्षार मात्र खरे.

शेवटचा मुद्दा रोजीरोटीचा. सोलापुरात कोपऱ्यावरच्या दुकानात लूपची जोडणी मिळत नाही. मुंबईहून, बंगळूरहून कुरियर यायला तीन-चार दिवस. गुरुवारी रात्री पंप बसला आणि शुक्रवारी रिलीज असला तर मॅनेजरला ओ-रिंगची कहाणी सांगून उपयोग नाही. म्हणून बजेटमध्ये एक जादा पंप, दहा-बारा ओ-रिंग, दोन-चार जोडण्या आणि हातभर नळी आधीच धरा, आणि जुना हीटसिंक फेकू नका. ज्यावर पगार अवलंबून आहे असं दुसरं मशीन, निदान ऑफिसचा लॅपटॉप, हाताशी हवा. तो नसेल तर लूप पुढच्या वर्षी करा. सोलापूरचा उन्हाळा कुठे जात नाही.

हे सगळं धरून बेरीज केलीत तर रक्कम पन्नास हजारांच्या पुढे सहज जाते. तेवढ्यात एक टनाचा एसी येतो, किंवा गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग देऊन वर हीटसिंकचे पैसे उरतात. माझ्या मते निदान एकदा ही तुलना घरच्यांसमोर बसून करावी, कारण खोली तुमची असली तरी घर सगळ्यांचं आहे. गच्ची रंगवली तर आई-बाबांची दुपारसुद्धा सुधारते. रेडिएटर बाहेर ठेवला तर निदान बिघडत नाही. आणि रेडिएटर केसमध्येच ठेवून चकचकीत नळ्या लावल्या तर सुधारतो फक्त स्क्रीनवरचा एक आकडा.

एवढं ऐकून ज्याला अजूनही करायचंय, त्यानं जरूर करावं. हौसेला मोल नसतं, आणि स्वतः जुळवलेल्या लूपमध्ये पहिल्यांदा पाणी फिरताना बघण्याची मजा मी नाकारत नाही. फक्त दुकानाच्या पानावर जाण्याआधी थर्मामीटर आणा, खिडकी उघडा, आणि उष्णता कुठे टाकणार ते ठरवा. कुठला ब्लॉक घेऊ हे त्यानंतर विचारा. तासभर बोलायला मी आहेच.